चुंबकाला चिकटलं म्हणजे आकाशातून पडलं असं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उल्कावर्षावाची बातमी छापून आली की तिच्याखाली एक चौकट हमखास असते : 'दुसऱ्या दिवशी गच्चीवर चुंबक फिरवा, अंतराळातली धूळ हाती लागेल.' पुढे थंडीत शाळांची विज्ञान प्रदर्शनं भरतात आणि एखाद्या टेबलावर काचेच्या बाटलीत चमचाभर काळी पूड 'ताऱ्यांची धूळ' अशी चिठ्ठी लावून ठेवलेली दिसते. मुलांची खटपट खरी असते, चुंबक खरं असतं, चिठ्ठी तेवढी खोटी असते. आम्ही काही वाचक खनिजं आणि अशनी (आकाशातून पडलेले दगड) यांच्याच अभ्यासात असतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी त्या चमच्याचा हिशेब करू. अंटार्क्टिकात फ्रान्स आणि इटली यांचं कॉन्कॉर्डिया नावाचं केंद्र आहे. ते किनाऱ्यापासून सुमारे १,१०० किलोमीटर आत आहे आणि आसपास मातीचा कण उडून यावा अशी उघडी जमीनच नाही. तिथं फ्रेंच शास्त्रज्ञांनी वीस वर्षांत सहा मोहिमा केल्या, चर खणून बर्फ काढला, तो वितळवून गाळला आणि गाळणीवर राहिलेले कण मोजले. २०२१ मध्ये त्यांनी आकडा मांडला : साऱ्या पृथ्वीवर वर्षाला सुमारे ५,२०० टन सूक्ष्मउल्का, म्हणजे अंतराळातून आलेले धुळीएवढे कण, जमिनीपर्यंत पोचतात. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. भागाकार केला की एका चौरस मीटरच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १० मायक्रोग्रॅम येतात. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर, तिला वर्षभरात सुमारे एक मिलिग्रॅम. बाटलीतली पूड पाच ग्रॅम धरली, तर तेवढी जमायला त्या गच्चीला पाच हजार वर्षं लागतील, तीही कुणी केर न काढता. संख्येत सांगायचं तर ०.१ मिलिमीटरपेक्षा मोठे कण चौरस मीटरला वर्षाकाठी साधारण एक, असा ढोबळ अंदाज धरतात.

म्हणजे कण पडतात हे खरं, आणि ते गच्चीवर सापडू शकतात हेही खरं. नॉर्वेचे यॉन लार्सन हे पेशानं जॅझ गिटारवादक. छतांवरच्या धुळीत सूक्ष्मउल्का सापडतात असं ते म्हणायचे, तेव्हा शहरातल्या घाणीत त्या ओळखू येणारच नाहीत असं जाणकार सांगत. लार्सन यांनी कित्येक वर्षं आधी खोटे कण ओळखण्यात घालवली. शेवटी लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधले मॅथ्यू गेंज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्लो, पॅरिस, बर्लिन इथल्या छतांवरच्या सुमारे ३०० किलो गाळातून काढलेले ५०० कण तपासून २०१७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. सरासरी काढली तर एका कणामागे सहाशे ग्रॅम गाळ. या आकड्यासमोर चमचाभर पूड ठेवून बघा.

उल्कावर्षावाचा आणि या कणांचा संबंध तर जवळजवळ उलटा आहे. ऑगस्टमधल्या ययाती वर्षावाचे कण सेकंदाला ५९ किलोमीटर वेगानं येतात, नोव्हेंबरच्या सिंह वर्षावाचे ७१ किलोमीटर वेगानं. या वेगाला वाळूएवढा कण वाफ होऊन जातो. आपण पाहतो ती रेघ म्हणजे त्याची चिताच. जमिनीपर्यंत येतात ते मंद कण, सेकंदाला ११-१२ किलोमीटरच्या जरा वर असलेले. सूर्यप्रकाशाच्या माऱ्यानं त्यांच्या फिरण्याला सतत किंचित अडथळा होतो आणि ते हजारो वर्षं गोल गोल फिरत सूर्याकडे सरकत येतात. वाटेत पृथ्वी भेटते. ते बाराही महिने पडतात. ०.२ मिलिमीटरच्या कणाला वातावरणातून खाली यायला काही तास पुरतात, ०.०१ मिलिमीटरच्या कणाला काही आठवडे. तेव्हा आदल्या रात्री पाहिलेली उल्का सकाळी गच्चीवर शोधण्यात अर्थ नाही. (ही धूळ नुसत्या डोळ्यांनी बघायची असेल तर पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शहराबाहेर पहाटे झुंजूमुंजू व्हायच्या आधी पूर्वेला पाहा. क्षितिजावरून तिरका वर चढणारा फिकट उजेडाचा सुळका दिसतो. तो राशिप्रकाश, म्हणजे याच धुळीवरून परतलेला सूर्याचा प्रकाश.)

आता गच्चीचं बघू. युरोपातली पद्धत जशीच्या तशी इथं उचलली की फसते, आणि फसते ती दगडामुळे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर बसलेला आहे. या काळ्या दगडात मॅग्नेटाइटच्या जातीचं खनिज भरपूर असतं, म्हणून आपली साधी मातीच चुंबकाला चिकटते. कोकणात जांभ्याची लाल धूळ आणि किनाऱ्यावरची काळी वाळू, गोव्यात खाणींची धूळ. जिथं जमीन ग्रॅनाइटची किंवा चुनखडीची आहे तिथं चुंबक फिरवल्यावर नव्वद टक्के कचरा मागे राहील. इथं अर्धा ढीग चुंबकावर चढून बसेल. म्हणून आपल्याकडे चुंबक ही फक्त पहिली चाळणी. त्यातही काचेसारख्या काही खऱ्या कणांत मॅग्नेटाइट इतकं कमी असतं की ते चुंबकाला दाद देत नाहीत आणि खालच्या ढिगात राहून जातात.

दुसरी अडचण माणसानं केलेल्या गोल कणांची. वितळलेला थेंब हवेत थिजला की गोल होतो. त्यासाठी अंतराळातून यावं लागत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या, ग्राइंडर, रेल्वेचे ब्रेक, ओतशाळा, आणि कोळशावर चालणारी वीजकेंद्रं या सगळ्यांतून गोळ्या उडतात. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्यांना राखेबद्दल वेगळं सांगायला नको, कोल्हापूरकरांना फाउंड्रीबद्दल. पण आसपास काहीच नाही असं वाटणाऱ्या गावातही सुटका नसते, कारण आजकालच्या पोझोलाना सिमेंटमध्येच वीजकेंद्राची राख मिसळलेली असते. गच्चीचा कोबा झिजला की तीच राख काचेच्या गोळ्यांच्या रूपानं तुमच्या सुपलीत येते. आणि दिवाळी! फुलबाजीत लोखंडाचा कीस असतो, तो जळून थिजला की सूक्ष्मदर्शकाखाली इतका देखणा दिसतो की शिक्षकांनाही मोह आवरत नाही.

म्हणून वेळ अशी निवडावी : दिवाळी संपल्यावरच्या रविवारी गच्ची पूर्ण धुऊन कोरडी करायची आणि तारीख लिहून ठेवायची. पुढचे सहा महिने तिथं लग्नाचा मांडव, फटाके, वेल्डिंग काही नाही. मेच्या शेवटी, पावसाळा सुरू व्हायच्या आधी, नमुना गोळा करायचा. पावसाळ्यातही कण पडतात, पण पाण्याबरोबर पन्हळीतून निघून जातात. गच्ची उंच इमारतीची, पक्क्या कठड्याची आणि पाणी एकाच तोंडाकडे जाईल अशा उताराची असावी. चायना चिप्स बसवलेली असली तर उत्तम, ती गुळगुळीत असते आणि वाळू सोडत नाही. पत्र्याचं छप्पर घेऊ नये, गंज आणि जस्ताचे पापुद्रे निवडता निवडता जीव जातो. मोबाइलचा मनोरा, सोलर हीटरचा वेल्डिंग केलेला सांगाडा किंवा टाकीचा लोखंडी घोडा असलेली गच्ची तर सोडूनच द्यावी.

झाडायला नायलॉनचा मऊ ब्रश आणि प्लॅस्टिकची सुपली. लोखंडी तारेचा ब्रश स्वतःच कण गाळतो. कोपरे, कठड्याचा पायथा आणि पाण्याच्या तोंडाभोवतीचा गाळ वेगवेगळ्या पिशव्यांत भरावा, प्रत्येक पिशवीवर जागा आणि झाडलेलं क्षेत्रफळ लिहावं. क्षेत्रफळ नसेल तर पुढे कुठलाच आकडा काढता येत नाही, आणि नेमकं तेच लिहायचं राहतं.

धुण्याचं काम किचकट नाही, पण त्यात घाई चालत नाही. अर्धा किलो गाळ बादलीत घ्यावा, वीस सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावं, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ढवळावं. साबण नसेल तर बारीक कण पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि ओतताना जातात. ढवळल्यावर एक मिनिट थांबावं. ०.१ मिलिमीटरचा दगडी कण पाण्यात सेकंदाला जवळपास एक सेंटिमीटर वेगानं खाली जातो, म्हणजे अर्ध्या मिनिटात तळ गाठतो, ०.०२ मिलिमीटरची माती त्याच मिनिटात दोनच सेंटिमीटर उतरते. वरचं गढूळ पाणी ओतून टाकायचं. पाणी नितळ येईपर्यंत, आठ-दहा वेळा तरी, हेच. दहा सेकंदांत ओतलंत तर हवे ते कण मोरीत गेले. पाच मिनिटं थांबलात तर गाळ जसाच्या तसा.

वाळवायला स्टेनलेसचं ताट उन्हात ठेवावं. लोखंडी तव्यावर तापवण्याची युक्ती कुणीतरी सांगतं; तव्याचा गंज सुटतो आणि तो चुंबकाला चिकटतो. वाळलेला गाळ ०.४ आणि ०.१५ मिलिमीटरच्या प्रयोगशाळेतल्या चाळण्यांतून चाळावा, दोन्हींच्या मधला भाग ठेवावा. याहून मोठे कण दुर्मिळ असतात आणि याहून बारीक कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाहीत. मग निओडिमियमचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कागदावर पातळ पसरलेल्या गाळावरून चार-पाच मिलिमीटर उंचीवरून फिरवावं. टेकवू नये, टेकवलं की गठ्ठाच उचलला जातो. पिशवी उलटी केली की कण दुसऱ्या कागदावर मोकळे होतात. चुंबकानं न उचललेला भाग फेकू नका, निदान त्यातला चिमूटभर तपासा.

सगळ्यात आधी करायची आणि सगळ्यात शेवटी आठवणारी गोष्ट म्हणजे रिकामी फेरी. तीच बादली, तोच ब्रश, तीच चाळणी, तेच चुंबक, फक्त धूळ नाही, गाळलेलं पाणी. त्यातून कागदावर जे उतरेल ते तुमच्या सामानाचं. त्याच्या जोडीला तीन छोट्या बाटल्या : एक इमारतीच्या अंगणातल्या मातीची, एक जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या केराची, एक फुलबाज्यांच्या राखेची. या तिन्ही बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहून, त्यांची चित्रं काढून झाल्याशिवाय गच्चीच्या नमुन्याला हात लावू नये.

सूक्ष्मदर्शक ४० पट मोठं दाखवणारा स्टिरिओ (दोन्ही डोळ्यांनी पाहायचा) असला की पुरे. कागदावर किंवा प्लॅस्टिकवर नव्हे, काचेवर काम करावं. कोरड्या हवेत प्लॅस्टिकवरून कण विजेच्या भारानं उड्या मारतात आणि तीनदशांश मिलिमीटरचा कण एकदा सतरंजीवर पडला की तो गेलाच. उचलायला दातकोरणीचं किंचित ओलं टोक, ठेवायला सूक्ष्मजीवाश्म ठेवतात तशी खाचेची पट्टी.

ओळखायचं कसं? वेल्डिंगची गोळी अगदी चेंडूसारखी गोल, आरशासारखी चकचकीत, बहुधा पोकळ. तिला एखादं भोक किंवा फुटलेलं तोंड असतं. राखेची गोळी दुधी किंवा पारदर्शक, आत बुडबुडे. खरा कण पुष्कळदा इतका देखणा नसतो. जरा अंडाकृती किंवा कासवाच्या पाठीसारखा, मळकट काळा ते तपकिरी. त्याच्या पृष्ठभागावर आंब्याच्या कोयीवर असतात तशा समांतर रेषा दिसतात, कारण आतलं ऑलिव्हिन हे खनिज काही सेकंदांत थिजताना पट्ट्यापट्ट्यांनी वाढलेलं असतं. कधी राजगिऱ्याच्या लाडवासारखे स्फटिक दाटीनं बसलेले, त्यांच्यामध्ये काच आणि काचेवर नेच्याच्या पानासारखी मॅग्नेटाइटची नक्षी. एखाद्याच्या एका टोकाला धातूचा मणी बाहेर डोकावतो : हवेत वेग कमी होताना आतलं जड लोखंड-निकेल पुढच्या बाजूला सरकलेलं असतं. असा मणी दिसला की हात थरथरतो हे खरं, पण तोही पुरावा नव्हे, संशय आहे फक्त.

पुरावा मिळतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजून. खऱ्या दगडी कणात दहा सिलिकॉन अणूंमागे साधारण दहा मॅग्नेशियम आणि एकापेक्षाही कमी अ‍ॅल्युमिनियम असतं. म्हणजे सर्वांत जुन्या अशनींचं आणि सूर्याचंही जे प्रमाण, तेच. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये दहा सिलिकॉनमागे मॅग्नेशियम दोन आणि अ‍ॅल्युमिनियम तीन-चार. दोघांची गल्लत होऊच शकत नाही. सोडियम-पोटॅशियम खऱ्या कणातून उष्णतेनं उडून गेलेलं असतं. वेल्डिंगच्या कणात मँगेनीज, टायटॅनियम सापडतं, ते रॉडच्या लेपातलं. निकेल दिसलं म्हणून उड्या मारू नयेत : निकेलबरोबर क्रोमियम भरपूर असेल तर तो स्टेनलेसचा तुकडा, कदाचित तुमच्याच चाळणीचा. आणखी एक चूक नेहमी होते. कण तसाच चिकटवून मोजला तर वाकड्या पृष्ठभागामुळे प्रमाणं चुकतात. तो इपॉक्सीत (कडक होणाऱ्या गोंदात) बसवून मध्यापर्यंत घासावा लागतो, पॉलिश करावा लागतो, वर कार्बनचा थर द्यावा लागतो. घासताना धातूचा मणी निखळून जातो, तेव्हा आधी बाहेरून चित्र घेऊन ठेवावं.

इतकी उस्तवार कशासाठी, असं कुणी विचारलं तर उत्तर पृथ्वीकडेच आहे. पृथ्वीनं आपलं लहानपण पुसून टाकलं आहे. तिचे सुरुवातीचे दगड वितळले, मिसळले, पुन्हा वितळले. लघुग्रह आणि धूमकेतू लहान, त्यामुळे त्यांच्यातलं पुष्कळ साहित्य तसंच राहिलं. अशनींत कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांनी भरलेले पांढरे ठिपके असतात, ते सूर्यमालेतले सगळ्यात जुने घन पदार्थ, ४५६ कोटी ७० लाख वर्षांचे. या ठिपक्यांत अ‍ॅल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंच्या) खुणा सापडतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विरायला लागणारा काळ, सुमारे सात लाख वर्षं. कॅल्शियम-४१ चं तर एक लाखाच्या आसपास. ते ठिपके घडले तेव्हा हा कॅल्शियम-४१ त्यांच्यात जिवंत, म्हणजे अजून न विरलेला, होता हे १९९४ मध्ये दाखवण्यात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या जितेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा होता. अर्थ सरळ आहे : एखाद्या ताऱ्यात तो तयार झाला आणि इथं दगडात अडकला, या दोन घटनांमध्ये दहा लाख वर्षंही गेली नसावीत. आकाशगंगेच्या मानानं हे कालच.

धुळीनं दिलेला मोठा धक्का मात्र २००६ चा. 'स्टारडस्ट' या यानानं जानेवारी २००४ मध्ये विल्ट-२ या धूमकेतूजवळून २३६ किलोमीटरवरून जाताना सेकंदाला ६.१ किलोमीटर वेगानं आदळणारे कण एरोजेलमध्ये पकडले. एरोजेल म्हणजे जवळजवळ हवाच असलेली काच. कण त्यात गाजराच्या आकाराचं बीळ करून थांबतो. धूमकेतू दूर थंडीत तयार झाला, तेव्हा त्यात ताऱ्यांमधली गोठलेली धूळ मिळेल अशी अपेक्षा होती. मिळाले ते सूर्याजवळच्या भट्टीत घडलेले स्फटिक, त्यातला एक तर अशनींतल्या पांढऱ्या ठिपक्यांचाच भाऊबंद. त्याला इंका लोकांच्या सूर्यदेवाचं, इंती, असं नाव दिलं. म्हणजे सूर्याशेजारी तापलेलं साहित्य नेपच्यूनच्या पलीकडे जाऊन बर्फात मिसळलं होतं. ग्रह तयार होण्याआधीची सूर्याभोवतीची वायू आणि धुळीची तबकडी शांत, थराथरांची नव्हती, चांगली ढवळलेली होती.

गच्चीवरच्या कणात हे सगळं दिसत नाही, हेही सांगायला हवं. तो वातावरणात वितळलेला असतो, जुन्या खुणा बऱ्याच पुसलेल्या असतात. त्यातले न वितळता राहिलेले एखाददुसरे ऑलिव्हिनचे दाणे आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण एवढंच मूळ घराबद्दल बोलतं. त्याचा खरा उपयोग वेगळा : तो ताजा असतो. युरोपातल्या छतांवरचे कण फार तर सहा वर्षांचे होते. आज पडणारी धूळ आणि अंटार्क्टिकातली हजारो वर्षांपूर्वीची धूळ यांच्यात फरक आहे का, हे अशा कणांवरून तपासता येतं. म्हणून 'ताऱ्यांची धूळ' ही चिठ्ठी दुप्पट चुकीची. सूर्याआधीच्या ताऱ्यांची धूळ खरोखर मिळते, पण ती अशनी आम्लात विरघळवून उरलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या आणि हिऱ्याच्या अतिसूक्ष्म कणांत. आणि गंमत अशी की प्रयोगशाळेतला पॉलिश पेपरही सिलिकॉन कार्बाइडचाच असतो, पॉलिशची पेस्ट हिऱ्याची! समस्थानिकं मोजल्याखेरीज तारा कुठला आणि हार्डवेअरचं दुकान कुठलं, ते कळत नाही.

गच्चीवरची ही भानगड शास्त्रज्ञांनाही चुकत नाही. नासा १९८१ पासून वीस किलोमीटर उंचीवर विमानं उडवून सिलिकॉन तेल लावलेल्या पट्ट्यांवर धूळ धरते. तिच्या नोंदवहीत अवकाशातल्या कणांबरोबर 'अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या गोळ्या' असा वेगळा वर्गच आहे, कारण रॉकेटच्या घन इंधनाच्या धुरातून त्या तिथंवर पोचतात. शिवाय पट्टीवरचं तेल सिलिकॉनचं, म्हणून कणातलं सिलिकॉन मोजताना घोळ. त्यासाठी पुढे तेलाशिवायच्या फोमच्या पट्ट्याही वापरल्या गेल्या.

स्टारडस्टच्या नमुन्यात ग्लायसिन हे अमिनो आम्ल सापडलं तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक संयुगही निघालं, आणि ते आलं होतं नमुने ठेवायच्या नायलॉनच्या पिशव्यांतून. ग्लायसिन तरी धूमकेतूचं कशावरून? दोघांतला कार्बन मोजला. नायलॉनच्या संयुगात जड कार्बन पृथ्वीवरच्या नेहमीच्या प्रमाणात होता, ग्लायसिनमध्ये त्याहून स्पष्टपणे जास्त. हा निकाल २००९ चा. पुढे बेन्नू लघुग्रहावर गेलेल्या यानाच्या बांधणीत नायलॉनवर बंदी आली, यानाच्या भागांवर अमिनो आम्लं चौरस सेंटिमीटरला १८० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत अशी अट घातली गेली आणि वातावरणातली घाण टिपायला साक्षीदार म्हणून पट्ट्या बरोबर पाठवल्या गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ते १२१.६ ग्रॅम साहित्य उतरलं. त्यात सजीवांच्या प्रथिनांतली २० पैकी १४ अमिनो आम्लं आहेत असं २०२५ मध्ये सांगता आलं, ते या पट्ट्यांच्या जोरावर. (गच्चीवर नायलॉनचा ब्रश चालतो, कारण तिथं आपण खनिजं शोधतो आहोत. कुणी गच्चीवरच्या धुळीत जीवनाचे रेणू शोधायला निघालं तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.)

र्‍यूगू लघुग्रहाचं तर ताजं उदाहरण. जपाननं डिसेंबर २०२० मध्ये तिथून ५.४ ग्रॅम साहित्य आणलं आणि नायट्रोजनमध्ये बंद ठेवलं. त्यातला एक दाणा इंग्लंडमध्ये तपासताना त्यावर सेंद्रिय धागे आणि काड्या दिसल्या. दिवसागणिक त्यांची संख्या वाढली, मग घटली. परग्रहावरचे जीवाश्म असं वाढत-घटत नाहीत, हे आपले इथलेच जंतू होते. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध करणारे तेच मॅथ्यू गेंज, ज्यांनी ऑस्लोच्या छतांवरचे कण खरे ठरवले होते. दाणा जगात सर्वांत काळजीनं आणलेल्या नमुन्यांपैकी, तरीही.

आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं उंच हवेत जीव सापडतात का हे पाहायला हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांचे प्रयोग मराठी वाचकांना आठवत असतील. द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, निर्जंतुक केलेल्या सोळा पोलादी नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा धरली गेली. तीन नव्या जातींचे जिवाणू मिळाले, एकाला आर्यभटाचं नाव दिलं गेलं. पण २००९ मध्ये इस्रोनं निष्कर्ष सांगताना स्पष्ट म्हटलं, की यावरून ते पृथ्वीबाहेरचे आहेत असं निर्णायकपणे सिद्ध होत नाही. बातम्यांच्या मथळ्यांत तो 'नाही' बऱ्याचदा गळाला.

आता मागणी. प्रदर्शनं आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी 'किती अंतराळकण मिळाले' याला गुण देणं थांबवावं. त्याऐवजी टेबलावर चार गोष्टी मागाव्यात : झाडलेलं क्षेत्रफळ आणि दोन्ही तारखा, रिकाम्या फेरीतून काय निघालं, तीन तुलनेच्या बाटल्या, आणि टाकून दिलेल्या कणांची चित्रं, टाकण्याच्या कारणासह. दोनशे गोळ्या पाहून 'यातली एकही खात्रीनं सांगता येत नाही' असं लिहिणाऱ्या गटाला पहिला क्रमांक मिळायला हरकत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अनेक विद्यापीठांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत असतो. वर्षातून एक दिवस तो शाळांनी निवडलेल्या पाच-दहा कणांसाठी राखून ठेवला तर काम होतं. गोव्यात दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथं एम. श्याम प्रसाद, एन. जी. रुद्रस्वामी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागराच्या तळातल्या गाळातून अशाच गोलिका वेचून त्यांच्यावर काम केलं आहे. तिथं हजार वर्षांत गाळ काही मिलिमीटरच साठतो, म्हणून मूठभर गाळातही बराच काळ जमा असतो. सहली फक्त किनाऱ्यावर नेण्याऐवजी आधी पत्र लिहून अशा संस्थेत नेता येतील.

आणि आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. डिसेंबरात मिथुन वर्षावाची बातमी येईलच. तिच्याखालची चौकट ठेवा, पण त्यात 'दुसऱ्या दिवशी चुंबक फिरवा' ऐवजी 'मेअखेरीस गच्ची झाडा, आणि आधी रिकामी फेरी करा' एवढं छापा.

आपले,
खनिजं आणि अशनींच्या अभ्यासातले काही वाचक, पुणे